पांढरी रुई, जांभळी रुई आणि खदानीजवळचं तिसरं झाड

तुमच्या लांबलचक प्रश्नाचं सार आधी मांडतो, म्हणजे पुढं काय सांगतोय ते बाकीच्यांनाही कळेल. परंडा तालुक्यात तुमचं शेत आहे. धुऱ्यावर जांभळट फुलांची रुई आहे आणि गावातल्या मारुतीच्या पारामागं पांढऱ्या फुलांची. वडील म्हणतात पांढरी ती मांदार, तिची जातच न्यारी. मुलाला कॉलेजात सांगितलं की आपल्याकडं रुईच्या दोन जाती आहेत. तुम्ही दोन्ही गोष्टी जोडल्या आणि ठरवलं, जांभळी ही एक जात, पांढरी ही दुसरी. मग जाता जाता एक ओळ लिहिलीत की मुरमाच्या खदानीपाशी एक बुटकं झाड आहे, त्याची फुलं ‘धड पांढरी नाहीत, धड जांभळी नाहीत’, तेव्हा ते दोन्हींचा संकर असावं. वैद्यांनी तेलासाठी ‘अर्काची पानं’, म्हणजे रुईचीच, मागितली आहेत, ती कुठल्या झाडाची द्यायची, आणि घरात लहान मुलं नि शेळ्या असताना ही झाडं ठेवावी की तोडावी, असे आणखी दोन प्रश्न आहेत.

उत्तर असं की धुऱ्यावरची जांभळी आणि पारामागची पांढरी ही एकाच जातीची झाडं आहेत. दुसरी जात म्हणजे तुम्ही संकर म्हणून सोडून दिलेलं ते खदानीजवळचं झाड. मुलाला कॉलेजात सांगितलं ते बरोबर आहे, फक्त दुसरी जात तुम्ही चुकीच्या ठिकाणी शोधली.

यात तुमचा फार दोष नाही. रंग लांबून दिसतो आणि आपण त्यावरून नाव देऊन मोकळे होतो. पण सदाफुली आठवा. गुलाबी आणि पांढरी एकाच कुंपणाला असतात, त्यांना कुणी दोन जाती म्हणत नाही. फुलात जांभळं रंगद्रव्य तयार झालं नाही की फूल पांढरं दिसतं, एवढाच तो फरक. रुईतही तसंच. जांभळी आणि दुधी पांढरी, दोन्हींचं शास्त्रीय नाव कॅलोट्रोपिस जायगँटिया. पांढऱ्या आणि जांभळ्याची फुलं शेजारी ठेवून रंग सोडून बाकी सगळं ताडून बघा. पाकळ्यांची लांबी, ठेवण, मधला मुकुट, कळीचा आकार, कशातच फरक सापडणार नाही. फिकट जांभळी, राखाडी झाक असलेली, शिरांवरच तेवढा रंग असलेली अशी मधली झाडंही गावोगाव दिसतात.

दुसरी जात कॅलोट्रोपिस प्रोसेरा. पुस्तकात हिला कुठं लहान रुई, कुठं मंदार असं नाव असतं, आणि घोळ इथूनच सुरू होतो. वडील ज्याला मांदार म्हणतात ती पांढऱ्या फुलांची जायगँटिया, आणि काही वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत मंदार म्हणून छापलेली असते ती प्रोसेरा. म्हणून मी विद्यार्थ्यांना या दोन झाडांपुरतं तरी मराठी नाव बाजूला ठेवा असं सांगतो. शास्त्रीय नावं जड वाटतात, पण ती जुनी आणि ठाम आहेत. लिनियसनं 1753 साली पहिलीला नाव दिलं, तेव्हा तिला अ‍ॅस्क्लेपियस या प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, घातलं होतं. दुसरीला लंडनजवळच्या क्यू उद्यानाच्या एटननं 1789 मध्ये नाव दिलं. रॉबर्ट ब्राऊननं 1810 मध्ये कॅलोट्रोपिस ही वेगळी प्रजाती केली आणि पुढं दोन्ही तिकडं गेल्या. पूर्वी रुईचं स्वतंत्र कुल मानत, आता ते कण्हेरीच्या कुलात मिळवलं आहे. कण्हेर, सदाफुली, रुई, उतरण ही सगळी एका घरातली, आणि या घरात चीक आणि विष दोन्ही मुबलक.

आता ओळखायचं कसं ते. हे नीट वाचा, कारण एकदा डोळ्यात बसलं की चालत्या एसटीच्या खिडकीतूनही सांगता येतं.

पहिली खूण पाकळ्यांची ठेवण. फूल वरून बघू नका, बाजूनं बघा. जायगँटियात पाचही पाकळ्या पसरलेल्या असतात आणि जुन्या फुलात टोकं मागं देठाकडं वळतात, त्यामुळं मधला मुकुट उघडा पडतो आणि लांबूनही उठून दिसतो. मुलं हा मुकुट काढून अंगठी करतात, तुम्हीही केली असेल. प्रोसेरात पाकळ्या उभ्या राहतात, आत वळलेल्या, आणि मुकुट त्यांच्या मधोमध अर्धा झाकला जातो. खदानीजवळच्या झाडाचा जो तिसरा फोटो तुम्ही पाठवलाय, त्यात हेच दिसतंय. फूल पूर्ण उमललेलं आहे, तरी तुम्हाला ते अर्धवट उमललेलं वाटलं, असं तुम्हीच लिहिलंय.

दुसरी खूण रंग, पण नीट बघितलेला रंग. प्रोसेराची पाकळी आतून पांढुरकी असते आणि टोकाला गडद जांभळा डाग असतो. पाचही पाकळ्यांना, दरवेळी टोकालाच. ‘धड पांढरी नाहीत, धड जांभळी नाहीत’ हे तुमचं वर्णन म्हणूनच मला आवडलं, ते एकदम बिनचूक आहे. जायगँटियात रंग गडद, फिकट किंवा शिरांपुरता असला तरी पाकळीभर पसरलेला असतो, नाही तर अजिबात नसतो. नुसत्या टोकाला ठिपका दिल्यासारखा नसतो.

तिसरी खूण कळी. फूल उमललेलं नसेल तेव्हा हीच कामाची. प्रोसेराची कळी जवळजवळ गोल, वाटोळी. जायगँटियाची कळी उभट, टोकाकडं निमुळती. दोन झाडांच्या कळ्या तळहातावर घेतल्या की फरक विचारावा लागत नाही.

आकारही मदत करतो. जायगँटियाचं फूल साधारण अडीच ते चार सेंटिमीटर रुंद असतं, प्रोसेराचं त्याहून लहान, दोन-अडीचच्या आत-बाहेर. प्रोसेराला मंद गोडसर वास असतो. जायगँटियाला वास जवळपास नाहीच. पण वास घ्यायला फूल नाकाशी नेताना तोडलेल्या देठातून चीक टपकत असतो, त्यामुळं या खुणेवर मी फार भर देत नाही.

शंका उरलीच तर भिंग घ्या. दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग पुरतं. मधल्या खांबाभोवती पाच मांसल पाती उभी असतात, तोच मुकुट. जायगँटियाच्या प्रत्येक पातीला टोकाच्या जरा खाली दोन्ही बाजूंना गोलसर कानासारखी टोकं असतात. प्रोसेराच्या पातीला तसे कान नसतात. वनस्पतिशास्त्राचे जुने जाणते या दोन जाती वेगळ्या करतात ते मुख्यतः या कानांवर आणि पाकळ्यांच्या ठेवणीवर. रंगाचा उल्लेख त्यांच्या लिखाणात येतो तो वर्णनापुरता.

पानांवर मात्र भरवसा ठेवू नका. दोन्हींची पानं समोरासमोर, जवळजवळ बिनदेठाची, बुडाशी खोडाला मिठी मारल्यागत, आणि पांढुरक्या लवेनं किंवा मेणकट थरानं झाकलेली. जायगँटियाची लव दाट असते म्हणतात आणि ते बऱ्याचदा खरंही असतं, पण कोवळं पान आणि जून पान यांतच एवढा फरक पडतो की नुसती पानं आणून ‘ही कोणती?’ असं विचारणाऱ्याला मी सरळ परत पाठवतो. उंचीचंही तसंच. प्रोसेरा बहुधा बुटकी, झुडपाळ, आणि जायगँटिया पुरुषभर उंचीच्या वर सहज जाते. पण चांगल्या ओलीवर प्रोसेराही उंच होते आणि दरसाल तोडली जाणारी जायगँटिया गुडघ्याएवढीच राहते.

फळं मिळाली तर सोनं. दोन्हींना पेटीसारखं फळ येतं, खरं तर जोडीनं यायला हवं, पण बहुतेक वेळा एकच वाढतं. प्रोसेराचं फळ गोलसर, फुगीर, कैरीएवढं किंवा मोठं, दाबलं तर आत स्पंजासारखं. जायगँटियाचं जरा लांबट आणि टोकाकडं वळलेलं. पिकल्यावर दोन्ही फुटतात आणि रेशमासारख्या झुबक्याचं बी वाऱ्यावर निघतं. त्या म्हाताऱ्या पकडत आपण सगळेच लहानपणी पळालो आहोत. त्या झुबक्यावरून जात ओळखता येत नाही.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण फुलं हातात घेणारच आहात तर बघून घ्या. झाडावर फुलं शेकड्यानं असतात आणि फळं मोजकीच, असं का? रुईचे पराग सुटे, भुकटीसारखे नसतात. मेणासारख्या पिवळ्या चपट्या गोळ्यांत बांधलेले असतात, दोन गोळ्यांची एक जोडी, आणि जोडीच्या माथ्यावर एक बारीक काळपट चिमटा. मधल्या खांबाला पाच उभ्या फटी असतात आणि प्रत्येक फटीच्या वर एक चिमटा बसलेला असतो. मधासाठी आलेल्या भुंग्याचा पाय किंवा सोंड त्या फटीत घसरते, वर ओढताना चिमट्यात अडकते आणि अख्खी जोडी बाहेर येते. तीच जोडी पुढच्या फुलाच्या फटीत नेमकी बसली तर फळ, नाही तर काही नाही. लहान माशीला एवढा जोर नसतो, ती कधीकधी अडकून तिथंच मरते. हे काम जमतं ते मोठ्या काळ्या सुतार भुंग्यांना, वाळल्या लाकडात भोकं पाडून राहतात त्यांना. बाभळीचा काटा घ्या, फटीच्या खालून वर हळूच सरकवा आणि तो काळा ठिपका उचला. पिवळी जोडी काट्याला लोंबत येते. दोन्ही जातींत हे यंत्र सारखंच आहे. वर्गात हे दाखवलं की मागच्या बाकावरची पोरं पुढं येतात, एवढा माझा अनुभव.

आता दोन्ही जाती तुमच्याकडं एकत्र कशा, हा प्रश्न खरा महत्त्वाचा. प्रोसेराचा मुलूख आफ्रिकेपासून अरबस्तान, इराण, पाकिस्तान करत राजस्थानपर्यंत आणि पुढं आपल्या कोरड्या पठारापर्यंत येतो. राजस्थानात ज्याला आकडा म्हणतात तो बहुधा हाच. जायगँटियाचा मुलूख उलट दिशेचा, भारत, श्रीलंका, म्यानमार, थायलंड, इंडोनेशिया, दक्षिण चीन. थायलंडमध्ये तिच्या फुलांचे हार करतात, आणि ती पार हवाईपर्यंत गेली आहे. मराठवाडा या दोन मुलखांच्या सरमिसळीत पडतो. नांदेड, किनवटकडं पाऊस जास्त. तुमच्या परंडा, भूम, आष्टी, पाटोद्याकडं बालाघाटाच्या पाठीमागं कमी. माझ्या पाहण्यात प्रोसेरा पश्चिमेकडच्या कोरड्या, मुरमाड, उकरलेल्या जागी जास्त भेटते. खदान, रेल्वेचा भराव, नदीकाठची वाळू, रस्त्याचं काम होऊन गेलेली कड. पण हा नियम म्हणून सांगत नाही. गोदावरीच्या काठानं फिरताना एकाच ठिकाणी दोन्ही उभ्या सापडतात, अगदी फांदीला फांदी लागून.

तुमच्याच खदानीजवळ ती का, याचंही कारण साधं आहे. ताज्या उकरलेल्या मुरमात स्पर्धा नसते, बी वाऱ्यानं येतं आणि मूळ खोल जातं. एप्रिल-मे मध्ये सगळा माळ करपलेला असताना रुई हिरवी असते ती या मुळाच्या आणि पानावरच्या मेणाच्या जोरावर. शिवाय गुरं तिला तोंड लावत नाहीत. गायरानात रुई आणि तरवड हीच दोन उरली असतील तर समजा की तिथं चराई पोटापेक्षा जास्त झाली आहे; बाकी सगळं गुरांनी संपवलं, नको ते ठेवलं. रुई वाढली म्हणून जमीन बिघडली असं लोक म्हणतात ते उलटं आहे. जमीन आधी बिघडते, रुई नंतर येते. प्रोसेरा तर याबाबतीत इतकी चिवट की ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात आणि ब्राझीलच्या ईशान्येला ती बाहेरून जाऊन तण म्हणून पसरली आहे.

संकराचं काय? जवळच्या दोन जातींत असं होऊ शकतं, ते मी धुडकावत नाही. पण संकर म्हणायला खुणाही मधल्या हव्यात, म्हणजे पाकळ्या अर्ध्या उभ्या, कान अर्धवट, कळी ना गोल ना उभट. तुमच्या झाडात सगळ्या खुणा एकाच बाजूला पडतात, म्हणून ती सरळ प्रोसेरा. केवळ रंग दोघांच्या मधला दिसला म्हणून संकर म्हणायचं नाही.

आता वैद्यांच्या पानांकडं येऊ. आयुर्वेदात अर्काचे दोन प्रकार आहेत आणि भावप्रकाश या जुन्या ग्रंथात ते श्वेतार्क आणि रक्तार्क असे, म्हणजे फुलाच्या रंगावरून केलेले आहेत. वनस्पतिशास्त्राचे दोन प्रकार फुलाच्या रचनेवरून. दोन्ही विभागण्या आपापल्या जागी चालतात, पण एकीवर दुसरी बसवायला गेलं की गडबड होते, कारण रंगाची रेघ जायगँटियाच्या मधून जाते आणि पांढऱ्या पाकळीला जांभळं टोक असलेली प्रोसेरा नेमकी कुठं टाकायची यावर लोक वाद घालत बसतात. म्हणून तुम्ही ठरवू नका. तिन्ही झाडांची एकेक फुलासकट डहाळी कागदात गुंडाळून न्या, वैद्यांना दाखवा आणि त्यांना हवी ती मागू द्या. चांगला वैद्य हे स्वतःच मागेल. नुसती पानं नेऊन दिली आणि त्यांनीही न बघता घेतली, तर मला त्या तेलाची काळजी वाटेल.

घरच्या घरी म्हणाल तर तेल लावून गरम केलेलं पान दुखऱ्या गुडघ्यावर बांधणं आपल्याकडं पिढ्यानपिढ्या चालतं. कातडी नाजूक असेल, जखम असेल तर तेही नको, फोड येतात. पोटात मात्र काहीही घेऊ नका. चीक दातात भरणं, विंचवाला लावणं, खोकल्यासाठी फूल विड्यात घालून खाणं, हे सगळं गावात ऐकतो. दोन्ही जातींच्या चिकात हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं आहेत, कण्हेरीत असतात त्याच जातकुळीची. औषधांच्या कायद्यात आयुर्वेदातल्या विषारी द्रव्यांची यादी आहे, तीत अर्क आहे. शास्त्रात ती शुद्धी करून, मात्रेनं वापरतात. आपल्या अंगणात ते होत नाही. आणि विषाच्या बाबतीत पांढरी सौम्य, जांभळी जहाल असा जो समज आहे त्यावर विसंबून तर मुळीच काही करू नका.

यापेक्षाही मोठा धोका डोळ्याचा, आणि त्याबद्दल लोकांना फार कमी माहिती आहे. शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ, रथसप्तमीला डोक्यावर सात पानं, गणपतीच्या एकवीस पत्रींत अर्कपत्र, म्हणजे वर्षभर आपण ही पानं तोडत असतो. खुलताबादच्या भद्रा मारुतीला तर शनिवारी या माळांचा ढीग असतो. पान तुटलं की चीक बोटांवर येतो, घाम पुसताना हात डोळ्याला जातो. त्रास असा की चीक डोळ्यात गेल्यावर सुरुवातीला फार दुखेलच असं नाही. जरा चुरचुर, पाणी, आणि माणूस विसरतो. काही तासांनी दृष्टी धुरकट होते, कारण बुबुळाच्या पारदर्शक पडद्याच्या आतल्या थराला इजा झालेली असते. वेदना नाही म्हणून उशीर करणं हीच यातली खरी घोडचूक. लगेच स्वच्छ पाण्यानं किमान पंधरा मिनिटं डोळा धुवा, पापणी उघडी धरून, आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडं जा. रुईचा चीक गेलाय हे त्यांना आवर्जून सांगा. दूध, तूप, मध, गुलाबपाणी यातलं काहीही घालू नका. वेळेवर उपचार मिळाले तर बहुतेकांचा डोळा पूर्ववत होतो. बाभळीचा काटा रुतला की वर चीक लावतो ना आपण, तेव्हाही मुलांचा हात लगेच साबणानं धुवायला लावा.

शेळ्यांचं विचारलंत. ओलं पान शेळी सहसा टाळते, वाळलेलं गळालेलं पान उपासमारीत कुरतडते. थोड्यानं काही होत नाही असं शेळीवाले सांगतात, पण मी तुम्हाला तसं सांगणार नाही, विशेषतः गाभण शेळीच्या बाबतीत. धुरा साफ करताना तोडलेली रुई कडब्यात किंवा हिरव्या वैरणीत मिसळणार नाही एवढं बघा, कारण तोडलेल्या चाऱ्यात जनावराला निवड करता येत नाही. तोडायचीच असेल तर दशपर्णी अर्कात, म्हणजे दहा प्रकारच्या पाल्यापासून पिकावर फवारायला करतात त्यात, घाला. कडुलिंब, निरगुडी, करंज, सीताफळ, एरंडाबरोबर रुईचं पान त्यात लागतंच, आणि तिथं जायगँटिया की प्रोसेरा हे बघत बसायची गरज नाही. हातात मोजे आणि डोळ्यांना काहीतरी आडोसा, एवढं पुरे.

पण सरसकट तोडू नका असं माझं मत आहे. एका रुईवर किती जीव जगतात ते बघा. तपकिरी-नारिंगी पंखांचं, टोकाला काळं-पांढरं असलेलं प्लेन टायगर फुलपाखरू, मराठीत बिबळ्या कडवा, या झाडावर अंडी घालतं. त्याची काळ्या-पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची अळी पान खाण्याआधी शीर कुरतडून चिकाचा ओघ तोडते आणि मग पुढचा भाग खाते. पिवळ्या अंगावर निळसर पट्टे असलेला रुईवरचा तो रंगीत टोळ तुम्ही पाहिलाच असेल. त्याचं पिल्लू चिमटीत धरलं तर पाठीतून द्रवाची चिळकांडी उडवतं, तेव्हा मुलांना सांगून ठेवा, तोंड जवळ न्यायचं नाही. पिवळा मावा, तांबडे-काळे ढेकण्या, आणि वर सांगितलेले सुतार भुंगे. हे सगळे दोन्ही जातींवर सापडतात. यांना रंगाचं काही पडलेलं नाही. तुमच्या धुऱ्याला भुंगे हवेत, कारण शेजारी तूर आहे असं तुम्ही लिहिलंय, आणि हेच मोठे भुंगे तुरीच्या फुलांवरही येतात.

पारामागच्या पांढऱ्या झाडाबद्दल एक सांगून ठेवतो, कारण पांढरं झाड दिसलं की लोकांची नजर त्याच्या मुळावर जाते. जुन्या पांढऱ्या मांदाराच्या मुळात गणपतीचा आकार तयार होतो अशी श्रद्धा आहे, आणि त्यापायी चांगली वाढलेली झाडं रातोरात उकरून नेलेली मी पाहिली आहेत. बाजारात मिळणारे बरेचसे आकार चाकूनं कोरलेले असतात हे त्या मुळावरच्या खुणा सांगतात. श्रद्धेवर मला बोलायचं नाही. पण गावात पांढरी रुई एकच असेल तर उकरण्यापेक्षा तिची आणखी झाडं करा. बियांपासून करू नका, कारण भुंगा जवळपासच्या जांभळ्या झाडाचे पराग घेऊन येतो आणि येणारं रोप पांढरं फुलेलच याची हमी नाही. पावसाळ्याच्या तोंडाला बोटाएवढ्या जाडीची, वीतभर लांब फांदी तोडा, चीक गळून सुकू द्या, एखादा दिवस सावलीत ठेवा आणि निचऱ्याच्या मुरमाड मातीत लावा. पाणी जपून. काळ्या चिबड मातीत फांदी मूळ धरण्याआधी सडते.

खदानीजवळच्या झाडाला तुम्ही पाठवलेल्या फोटोत फळ दिसत नाही. पुढं फळ धरलं की बाजूनं एक फोटो काढा, शेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवून, आणि एक उमललेलं फूल उभं चिरून त्याचाही. चिरताना फूल डोळ्यांपासून हातभर लांब धरा. मुकुटाच्या पातीला कान नसतील, तर तुमच्या मुलाला वर्गात दाखवायला दोन्ही जातींचे नमुने जमले. कागदाच्या घड्यांत दाबून वाळवताना रोज कागद बदलावा लागेल, रुईत ओल फार असते आणि चिकामुळं फूल कागदाला चिकटतं. फुलाखाली मेणकागद घातला तर सुटून येतं.